विमानाच्या आवाजाखाली

दसरा होऊन गेला की आमच्या गावावर विमानं परत येतात. पावसाळ्यात ती अधूनमधून दिसतात. ढगांत एखादी फट मिळाली की घाईने उठतात आणि तितक्याच घाईने उतरतात. पण एकदा आकाश धुऊन वाळत पडलं की सकाळपासून त्यांची घरघर सुरू होते. कामठा गावाच्या पलीकडे धावपट्टी आहे, तिथे मुलं-मुली विमान चालवायला शिकतात. लहान, पांढरी, दोन-चार माणसांची विमानं. ती कुठेच जात नाहीत. उठतात, आमच्या शेतांवरून वळसा घेतात, उतरतात आणि परत उठतात. पूर्वी खळ्यात धान चुरायला बैल फिरायचे, तशीच ही वर फिरत राहतात.

यंदाही आली. मी गोंदियाला एका शाळेत विज्ञान शिकवतो. दिवाळीची सुटी लागली की गावी येतो, मायजवळ. लवकर पिकणारा हलका धान कापून झालेला असतो, उशिरा येणारा भारी धान अजून बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, उभा असतो, कणसं खाली वाकलेली. सकाळी दव पडतं आणि तणसाचा, भाताच्या पेंढ्याचा, वास अंगणात येऊन बसतो. या दिवसांत मला नीट झोप लागत नाही. बा याच दिवसांत गेला. त्याला बरीच वर्षं झाली. बाबद्दलची एक गोष्ट मायला सांगायची राहून गेली होती, आणि दर वर्षी विमानं परत आली की ती गोष्ट माझ्यासमोर येऊन उभी राहायची. मायचं ऐकू येणं आता कमी होत चाललं आहे. मोठ्याने बोललं तरच तिच्यापर्यंत पोचतं, आणि मला जे सांगायचं होतं ते मोठ्याने बोलण्यासारखं नव्हतं.

विमान शोधायचं तर आवाजाकडे पाहायचं नसतं. आवाज जिथून येतो तिथे ते नसतं; ते पुढे निघून गेलेलं असतं. आवाजाला खाली यायला वेळ लागतो आणि तेवढ्यात विमान दोन बांध्या ओलांडून जातं. मुलांना मी हे मैदानावर नेऊन दाखवतो. आधी कानाने बोट दाखवायला सांगतो, मग डोळ्याने. दोन्ही बोटांमध्ये अंतर पडतं. मुलं हसतात. मी फळ्यावर वेग लिहितो, अंतर लिहितो आणि मनात म्हणतो, आपण जे ऐकतो ते नेहमीच होऊन गेलेलं असतं.

आमच्या स्टाफरूममध्ये एक सर आहेत, गोंदियातच जन्मलेले, हिंदीतच बोलणारे. मी बोलता बोलता थांबतो आणि खिडकीकडे पाहतो, हे त्यांनी फार आधीच हेरलं आहे. "सर, आप ऊपर क्या देखते रहते हो? कोई रिश्तेदार आनेवाला है क्या?" ते विचारतात. सगळे हसतात, मीही हसतो. मी पाहत नसतो, ऐकत असतो, हे त्यांना सांगण्यात अर्थ नाही.

देवरीकडे जाणाऱ्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली की मी अजूनही हात बाहेर काढतो. कंडक्टर ओरडतो. तळहात सपाट धरला तर वारा नुसता घासून जातो. पुढची कड जराशी उचलली की हात आपोआप वर जातो, खालून कोणी धरून उचलावा तसा. आणखी उचलला की आणखी वर. पण एका मर्यादेनंतर वारा हाताच्या पाठीवरून सुटतो, हात लटपटतो आणि मागे फेकला जातो. विमानाचंही हेच असतं. इंजिन बंद पडलं म्हणून ते कोसळत नाही. नाक फार वर उचललं आणि वेग गमावला, तर कोसळतं. हे मला पुस्तकात कळलं, आणि पटलं मात्र त्या बसमध्ये.

माय हे सुपात करायची. सूप खांद्याच्या वर धरून, वाऱ्याला आडवं उभं राहून ती धान सोडायची. भरलेले दाणे तिच्या पायाशी पडायचे, पोचट जरा पुढे, भुसा त्याहून पुढे. वाऱ्याचा झोत अचानक वाढला की तिच्या हातातलं रिकामं सूप वर ओढ घ्यायचं. ती हसून म्हणायची, "पाय गा, उडून राहिला माया सूप."

वारा कोणीकडून आहे हे पाहायला आमच्याकडच्या बाया आधी चिमूटभर भुसा उडवून पाहत. विमानं आल्यापासून त्या वर पाहतात. विमान वाऱ्याच्या तोंडावर उठतं, समोरचा वारा त्याला उचलून घेतो. पावसाळ्यात ती नैर्ऋत्येकडे तोंड करून उठतात. पाऊस गेला, वारा फिरला, की धावपट्टीच्या दुसऱ्या टोकावरून धावत ईशान्येकडे उठतात. ती बाजू बदलली की बाया खळ्यातली आपली उभं राहायची जागा बदलतात. तलावाकाठी सारस उडतात तेही असेच. एवढा उंच पक्षी जागच्या जागी उडू शकत नाही. आधी वाऱ्याकडे तोंड करतो, मग लांब ढांगा टाकत चिखलातून पळतो, आणि पळता पळता पाय कधी सुटले ते कळतही नाही. सारस पाहून विमान समजावं, विमान पाहून सूप कुठे धरायचं ते ठरावं, असं आमचं गाव.

आमच्या शेजारच्या शेवंताकाकीला या सगळ्याची गंमत वाटते. वारा पडला की ती भिंतीवरून ओरडते, "मास्तर, तुया विमानाले सांग न गा, जरासा वारा धाड म्हनाव! बसून बसून कंबर गेली माई!"

विमानं नवीन होती तेव्हा मात्र गंमत नव्हती, भीती होती. शिकणाऱ्यांना एक सराव करावा लागतो. उंचावर असताना शिकवणारा इंजिनाची शक्ती अगदी कमी करतो, म्हणतो, समज, इंजिन गेलं. आता काय करशील? वरच्या माणसासाठी तो धडा असतो. खालच्या माणसाला एवढंच कळतं की डोक्यावरची घरघर एकदम थांबली आणि विमान मुक्यानेच खाली येऊन राहिलं आहे. पहिल्यांदा हे झालं तेव्हा सगळं गाव धावलं. "पडला रे पडला!" बाया रडायला लागल्या, दोन-चार जण बाज घेऊन शेताकडे पळाले, जखमींना आणायला. विमान ताडाच्या शेंड्याइतकं खाली आलं आणि मग एकदम गुरगुरून वर निघून गेलं. बाज घेऊन गेलेले लोक धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभे राहून एकमेकांकडे पाहत होते. पुढेही तसंच होत राहिलं. कोणी विळा टाकून पळायचं, कोणी पान्हवलेली गाय सोडून. एकदा एक म्हातारी धावताना पडली आणि तिचा हात मोडला.

तेव्हा मी ठरवलं, आपण विज्ञानाचे मास्तर आहोत, आपण सांगितलं पाहिजे. एका संध्याकाळी समाजमंदिरासमोर लोकांना बसवलं. कागदाचं विमान केलं आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून सोडलं. ते हळूहळू तरंगत जाऊन लहान मुलांमध्ये उतरलं.

"याला कुठे इंजिन आहे?" मी विचारलं. "पडलं का?"

"नाई पडला," मुलं ओरडली.

"विमानही पडत नाही. जेवढी उंची आहे तेवढी ते हळूहळू खर्च करतं, आणि त्या बदल्यात पुढे जात राहतं. उंची असेल तर वेळ असतो. वेळ असेल तर जागा शोधता येते. आवाज थांबला म्हणून धावायचं नाही. तो सराव आहे."

बा मागे, कडुलिंबाच्या बुंध्याला टेकून बसला होता. मुलगा बोलतो आहे म्हणून नवा दुपट्टा घालून आला होता. त्याने हात वर केला, शाळेतल्या पोरासारखा.

"मास्तर," तो मलाच म्हणाला, आणि लोक हसले. "आन आतमंदला मानूस काय करते तवा?"

"तो सपाट जागा पाहतो बा. आधी जागा धरतो."

"मंग कोनाले आवाज नाई देत?"

"देतो ना. रेडिओवर सांगतो, इंजिन गेलं म्हणून."

"आन कोनी आयकलं नाई त?"

"ऐकतातच बा. त्यासाठीच बसलेले असतात ते."

बाने मान हलवली. त्याला पटलं. सगळ्यांनाच पटलं. त्यानंतर गावात कोणी धावलं नाही. माझं शिकवणं एवढं पक्कं दुसऱ्या कुठल्याही वर्गात उतरलं नाही.

आता बोडीबद्दल सांगायला हवं. गावाच्या पूर्वेला, आमच्या बांध्यांना लागून एक बोडी आहे, पावसाचं पाणी साठवणारी. भारी धान निसवल्यावर शेवटचं एक पाणी मागतो, आणि तोपर्यंत पाऊस परतलेला असतो. मग बोडीच्या काठावर डिझेल इंजिन ठेवून पाणी ओढतात. त्याची टकटक दिवसभर गावात ऐकू येते, घड्याळासारखी. कोणी मुद्दाम ऐकत नाही. ती मध्येच थांबली तर मात्र ऐकू येते. पाइपात हवा शिरली की इंजिन एकट्या माणसाकडून पुन्हा सुरू होत नाही. एकाने पाइपात पाणी ओतायचं, दुसऱ्याने हँडल मारायचं. म्हणून आमच्याकडे एक रीत आहे. इंजिन मध्येच थांबलं की जो जवळ असेल तो हातातलं काम ठेवून जातो. बोलावणं लागत नाही. शेतात एकट्या माणसाला हाक मारायची झाली तर तोंडाने ओरडून काय होणार? इंजिन बंद करायचं. ते थांबणं म्हणजेच हाक.

त्या दिवशी सकाळी बा इंजिन घेऊन बोडीवर गेला होता. मी आणि माय परसातल्या खळ्यात हलका धान उडवत होतो. ईशान्येचा वारा चांगला होता. माय सूप घेऊन पाटावर उभी, मी खाली झाडणीने भुसा सारत होतो. वर एक विमान वळसे घालत होतं. वळताना एक पंख जमिनीकडे झुकवायचं, सायकलवाला वळणावर झुकतो तसं. मी मायला सांगत होतो की झुकल्याशिवाय वळता येत नाही. ती सूप हलवत हूं हूं करत होती.

मग आवाज थांबला.

मायचं सूप हवेतच राहिलं. तिने मान बोडीकडे वळवली.

"इंजिन बंद पडला का गा?"

"विमान आहे, माय. सराव करून राहिले."

ती तशीच उभी राहिली. सूप खांद्यावर, ओठ थोडे उघडे. मला आजही तिचा तो चेहरा दिसतो. ती काहीतरी ऐकायचा प्रयत्न करत होती आणि मी तिच्या ऐकण्यावर बोलत होतो. "आत्ता पाहा, परत आवाज येईल," मी म्हणालो. आणि खरंच, गुरगुरत विमान वर गेलं. "बघ, गेलं वर."

मायने सूप हलवलं. धान पाटाखाली पडू लागला, सर सर सर.

चूक कुठे झाली ते मला नंतर कळलं, आणि कळल्यापासून ती रोज होते. विमानाचा आवाज मोठा होता, म्हणून त्याच्याखाली इंजिनाची टकटक दबून गेली होती. विमान मुकं झालं तेव्हा खालची टकटक उघडी पडायला हवी होती. ती ऐकू आली नाही. दोन आवाज थांबले होते. मी एकाचं कारण दिलं आणि दुसऱ्याकडे लक्षच गेलं नाही. मायच्या कानाला काहीतरी कमी असल्याचं जाणवलं होतं. मी शिकवणारा होतो. माझ्याकडे उत्तर तयार होतं.

आम्ही सगळी रास उडवून संपवली. मायने डबा बांधून दिला. मी तो घेऊन रमतगमत गेलो. वाटेत सारसांची जोडी दिसली म्हणून थांबलोसुद्धा.

बा बोडीच्या काठावर मोहाच्या झाडाखाली निजला होता. जागा सपाट होती. दुपट्ट्याची घडी डोक्याखाली, चपला एकीशेजारी एक ठेवलेल्या. झोपलाच आहे असं मला वाटलं. मी डबा ठेवला, म्हणालो, "बा, जेव." मग इंजिनावर हात ठेवला. ते थंड होतं. चालून थांबलेलं इंजिन लवकर थंड होत नाही, हे मला माहीत होतं. हात तसाच ठेवून मी उभा राहिलो, आणि त्यानंतर बाकडे वळून पाहायला मला फार वेळ लागला.

डॉक्टरांनी छातीचं सांगितलं. लवकर आणलं असतं तर, असंही म्हणाले. सगळेच डॉक्टर म्हणतात तसं असेल. त्यांना काय माहीत की उंचीचा आणि वेळेचा हिशोब मीच गावाला शिकवला होता.

संध्याकाळी मी एकटाच इंजिन आणायला गेलो. इंजिन बंद करायचा खटका वर उचललेला होता. टाकी उघडली, आत डिझेल होतं. ते आपोआप थांबलेलं नव्हतं. बाने आधी इंजिन बंद केलं, मग चपला काढल्या, मग सपाट जागा पाहून दुपट्टा डोक्याखाली घेतला. आणि कोणीतरी येईल म्हणून वाट पाहिली. मी टाकी कलती केली आणि सगळं डिझेल तिथेच गवतात सांडलं. खटका खाली केला. गावात येऊन सांगितलं, डिझेल संपलं होतं. डिझेल संपून थांबलेल्या इंजिनाने कोणाला हाक मारलेली नसते. ते माणूस गेल्यानंतरही थांबलेलं असू शकतं. मला मायला तेवढंच द्यायचं होतं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला ते माझ्यासाठी हवं होतं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेजींच्या मागे आम्ही सगळ्यांनी पंचशील म्हटलं. खोटं न बोलण्याचं शील मी इतरांहून मोठ्याने म्हटलं, ते माझ्या लक्षात आहे. नंतर जेवताना कोणीतरी विचारलं, आणि मी पुन्हा म्हणालो, "डिझेल संपलं होतं." माय पत्रावळींवर वाढत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि भाताचा हात पुढच्या पानाकडे नेला.

तेव्हापासून मला एकच सवय लागली आहे. विमानाचा आवाज थांबला की मी उठतो. वर्गात असेन तर खडू हातात राहतो. गावी असेन तर बोडीपर्यंत जाऊन येतो. बोडीवर आता विजेचा पंप आहे, त्याला आवाजच नाही. मोहाखाली कोणी नसतं. कधी विमानाची सावली येते. धुरा आला म्हणून ती थांबत नाही, एका बांधीतून दुसरीत जाते, बोडीच्या पाण्यावरून जाते आणि पाणी हलतसुद्धा नाही. मी परत येतो. माय कधी विचारत नाही. मी उठलो की एवढंच म्हणते, "जाय, पाहून ये."

भौतिकशास्त्र मला या बाबतीत काहीच देत नाही. ते फक्त सांगतं की विमानाचं नाक एकीकडे असतं आणि जाणं दुसरीकडे. आडवा वारा असला की वैमानिक तोंड वाऱ्याकडे थोडं वळवून ठेवतो, तेव्हा कुठे ते सरळ जातं. खालून पाहणाऱ्याला ते तिरपं सरकताना दिसतं. आडव्या वाऱ्यात मोटारसायकलवर पोतं घेऊन जाणारा माणूसही असाच तिरपा जातो. मीही इतकी वर्षं असाच चाललो असेन. लोकांना दिसलं, मास्तर सरळ आहे.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. बाकी हलका धान यंत्रावर निघाला. थोडा वासाचा धान माय घरासाठी ठेवते, तो तिला हातानेच उडवायचा असतो. आता ती पाटावर उभी राहत नाही, खाली बसून पाखडते. शेवंताकाकी मदतीला आली होती.

"मास्तरीन कुठी आहे गा? आली नाई?" काकीने माझ्या बायकोबद्दल विचारलं.

"तिची ड्यूटी आहे, काकी."

"बरं आहे बाप्पा तुमचं! काम कराले म्हातारी, आन खाले शहरातली!"

माय ओठ पाहून बोलणं समजून घेते. ती हसली. "तू बी त खातेस वो शेवंते."

वर विमान होतं. ते मुकं झालं. मी उठलो. मायला विमान ऐकू येत नाही, मी दिसतो. तिने हात हलवला, जाय. मी गेलो आणि आलो. तोवर काकी सूप ठेवून घरी गेली होती. खळ्यात आम्ही दोघंच. माय सुपातले खडे वेचत होती. मी तिच्या उजव्या बाजूला बसलो. त्या कानाने तिला थोडं येतं.

"माय, त्या दिवशी टाकीत डिझेल होतं."

"काय?"

"बाच्या इंजिनात. डिझेल होतं."

"काय म्हनतेस गा? मोठ्यानं बोल."

मी पुन्हा म्हणालो. तिने मान हलवली, कळलं नाही. भिंतीपलीकडे काकीची भांडी वाजत होती. मग मी ओरडलोच. "टाकीत डिझेल होतं, माय! बाने इंजिन बंद केलं होतं! डिझेल मी सांडलं!"

भांडी वाजायची थांबली.

"कायले ओरडतेस," माय म्हणाली. "आयकू आलं मले. पयलेच आलं होतं."

तिने एक खडा वेचला, बाजूला टाकला.

"तठी गवत नाई उगवला गा," ती म्हणाली. "इंजिन ठेवत होते तठी. सारा काठ हिरवा आन तेवढी जागा करपून गेली. मी शेण टाकलं, माती टाकली. दुसऱ्या पावसातही नाई उगवला. गळतीचं डिझेल एवढं नसते."

"मग बोलली का नाहीस?"

"सांडलं तू. सांगाचं बी तूच. मी वाट पाहून राहिली होती."

तिने सूप मांडीवरून खाली ठेवलं.

"म्हनजे हाक मारली त्यानं," ती म्हणाली.

"हो."

"आन मी सूप हलवलं."

"मी सांगितलं म्हणून, माय. मी म्हणालो विमान आहे म्हणून."

"तू सांगितलं." ती आपल्या हातांकडे पाहत होती. "हलवलं त मीच."

मी इतकी वर्षं एकटाच आहे असं समजत होतो. या अंगणात, या खळ्यात, दर वर्षी ती सूप हातात घ्यायची आणि तेच सूप हलवायची. मी बोडीवर जाऊन यायचो, ती इथे बसून जायची. तिला काहीतरी म्हणावं, ओझं थोडं माझ्याकडे ओढून घ्यावं असं वाटलं. पण ते मला देण्याचा तिचा विचार दिसला नाही, आणि माझंही तिने घेतलं नाही.

दुपार कलली तेव्हा दुसरं विमान आलं. बोडीच्या दिशेला त्याची घरघर एकदम थांबली. मी उठलो. मायने माझ्याकडे पाहिलं, या वेळी जाय म्हणाली नाही. भिंतीला हात लावून ती उभी राहिली आणि पदर खोचला.

"चाल. मी बी येते."

आम्ही धुऱ्याने गेलो, ती पुढे, मी मागे, तिचा तोल सांभाळत. भारी धानाची कणसं पायांना लागत होती. मोहापर्यंत पोचलो तेव्हा विमान खालून पुन्हा गुरगुरत वर उठलं. मी बोटाने दाखवलं. तिने पाहिलं. ते तिरपं सरकत धावपट्टीकडे गेलं, लहान झालं, त्याचा आवाज त्याच्यामागून गेला आणि मग तोही राहिला नाही.

"काही नाही, माय," मी तिच्या कानाशी म्हणालो. "विमान होतं."

तिने माझा दंड धरला. तिची नजर त्या जागेवर होती जिथे आता गवत आहे.

"अजून आयक," ती म्हणाली. "मले येत नाई. तू आयक."